सालीआडचं अन्न

केळीच्या गाड्यापाशी जोतिराम उभा होता. फणीतलं एकेक केळं सुटं करून घ्यायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, देठापासून बुडापर्यंत उन्हाकडे धरून फिरवायचा आणि मनाला पटलं नाही की परत ठेवून द्यायचा. गाडेवाला आधी गमतीत होता. "पोरगी बघाय आलाईस का केळी घ्याय?" म्हणाला. मग सुट्या केळांचा ढीग वाढलेला बघून त्याचा सूर उतरला. "आरं, बगतोस काय एवढं?" "भोक," जोतिराम शांतपणे म्हणाला, "सुईचं." "केळाला कोण सुई टोचतंय, बाबा? हितं माणसाला टोचाय डाक्टरला सवड न्हाय." शेजारची दोन गिऱ्हाइकं हसली. त्यांना बरं वाटावं म्हणून जोतिरामही हसला, पण बोटांचं फिरवणं काही थांबलं नाही. रिक्षाला वाट द्यायला स्कूटर कडेला घेऊन, एक पाय टेकवून थांबलेल्या डॉक्टर महेश्वरीला हे सगळं दिसलं, ऐकू आलं, आणि भवानी पेठेतल्या सकाळच्या कलकलाटात तिच्या कानांपुरती एकदम शांतता झाली, धागा तुटला की चालता माग थबकतो तशी. तिनं हाक मारली नाही. तो काय शोधतोय हे त्या रस्त्यावर फक्त तिला ठाऊक होतं. सुई नव्हती, हे खरं. पण केळाच्या जागी माडग्याची, आईच्या हातच्या हुलग्याच्या पेजेची, वाटी धरली असती, तर जोतिरामचा शोध बरोबर होता.

केळी, मोसंबी, भाजलेल्या शेंगा, उकडलेली अंडी, न फोडलेला नारळ. दवाखान्याकडे जाताना ती मनातल्या मनात ओवत गेली, देवानं कशाकशाला साल दिली आहे. आईच्या हाताचं भय वाटायला लागलं तर माणसानं खावं काय? देवानं ज्याचं तोंड शिवून पाठवलं आहे, तेच. बायका जात्यावर लेकाला केळीचा कोंभ म्हणतात, जपून वाढवलेला, वाऱ्याला न दाखवलेला. तो कोंभ आता रस्त्यावर उभा राहून केळाच्या सालीत भरवसा शोधत होता. नळाला पाणी यायचा दिवस होता. गल्लीगल्लीत घागरी, प्लॅस्टिकचे पिंप, मोटारींचे पाइप, आणि त्यातून वाट काढताना स्कूटरचा हँडल तिच्या हातात थरथरत होता. रस्ता खराब आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसाचं मन आपल्याशीसुद्धा शरीराच्याच भाषेत बोलतं, हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

कारण या पेठेत मन कधी आजारी पडतच नाही. आजारी पडतं ते अंग. छातीत पाखरू फडफडतं, डोक्यात मुंग्या चालतात, पोटातून गोळा उठून गळ्याशी येतो, तळपाय जळतात, अंगात वारं भरतं. इतक्या वर्षांत एकानंही तिला "मला दुःख झालंय" असं सांगितलं नव्हतं. सगळ्यांना एक सुई हवी असायची आणि ताकदीची बाटली. ती नाडी धरायची, रक्तदाब बघायची, आणि तेवढ्यात विचारायची, घरी कसं चाललंय? मग पाखरू, मुंग्या, गोळा, सगळं टेबलावर उतरायचं. शिकताना मनोविकाराच्या वॉर्डात तिची पाळी जेमतेम दोन आठवडे लागली होती. त्या दोन आठवड्यांच्या शिदोरीवर ती अर्ध्या पेठेची झोप, भीती आणि रडू सांभाळत होती. कुणाला सांगायची, की या दुखण्याचा खरा डॉक्टर वेगळा आहे, पत्ता देते, चांगला माणूस आहे. समोरचा मान हलवायचा, पत्ता खिशात घालायचा आणि पुढच्या आठवड्यात परत तिच्याच बाकावर येऊन बसायचा. "त्येच्याकडं गेलो तर गल्ली काय म्हनंल, म्याडम? तुमच्याकडं आलो की निसता ताप आलाय म्हनत्यात." आपल्या दवाखान्याचं हेच मोठं औषध आहे, असं तिला कधीकाळी वाटायचं. इथे सगळ्यांना निसता ताप येतो.

मायाक्का आली होती ती गेल्या वर्षी, बोरं यायच्या दिवसांत. सांगोल्याकडची म्हातारी, हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा, आयुष्याची पहिली साठ वर्षं मेंढरांमागं गेलेली. लेकाला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर काम लागलं तशी शहरात आलेली. "बाई, जोतीला माग हाका मारतोय," तिनं सांगितलं. बंद केल्यावरही. पट्टा काढला, वीज घालवली, तरी तो खडाखडा आपलं नाव घेतो, असं जोतिराम म्हणायचा. मालकानं मागात माझं नाव विणलंय, म्हणायचा. टॉवेलाच्या काठात आपल्याविषयी काही लिहिलंय का, म्हणून काठ उसवत बसायचा. झोप गेली, मग काम जायची वेळ आली, मग सून पूनम चिमुरड्या आरोहीला घेऊन माहेरी निघून गेली. महेश्वरीनं सांगितलं, याला मोठ्या डॉक्टरकडे न्या. मायाक्का म्हणाली, नेलं होतं, दारातल्या पाटीवरचं अक्षर वाचून तो रिक्षातून उतरलाच नाही. गोळ्या दिल्या तर तळहातावर धरून विचारायचा, "मला कशाला? मला कुटं काय झालंय?" मग म्हातारीनं खुर्ची पुढं ओढली, पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्येला कळू न देता द्या, बाई. मी घालते की. रोज माझ्या हातचं माडगं पितोय त्यो. तान्हा असल्यापास्नं माझ्या हातचं कदी न्हाय म्हनला न्हाय."

रंग नाही, वास नाही, चव असलीच तर जिभेच्या टोकाला जाणवेल न जाणवेल इतकी कडसर. अशी थेंबांची बाटली असते. ती लिहून देण्याआधी तिनं नंदीशला फोन केला होता, तिच्याबरोबर शिकलेला, आता शहरात मनोविकारांचा डॉक्टर असलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घरचे रोज मागतात माझ्याकडे. कळतं मला. पण महेश्वरी, ज्याला वाटतंय की आपल्याविरुद्ध गुपचूप काहीतरी चाललंय, त्याच्याविरुद्ध आपण गुपचूप काहीतरी करायचं? त्याचं चुकलंय ते आपण खरं करून दाखवायचं? त्याला घेऊन ये, नाही आला तर मी येतो त्याच्या घरी." नंदीश येणार होता. एका रविवारी, मग पुढच्या. पण त्या आठवड्यात जोतिराम मागाच्या पट्ट्यात हात घालता घालता वाचला, आणि तिनं बाटली लिहून दिली. तिला आपली आई आठवली होती. लहानपणी कॉफीत एरंडेल घालून पाजणारी, आणि नंतर "बघ, कळलं तरी का?" म्हणून कुशीत घेऊन हसणारी. त्या हसण्याचा उबारा एवढा मोठा होता, की त्यानंतर कित्येक दिवस प्रत्येक कप नाकाशी धरणारी आणि वरच्या तवंगात तेलाचा डोळा शोधणारी ती मुलगी महेश्वरीला त्या वेळी आठवलीच नव्हती. ती आज आठवली, केळाच्या गाड्यापाशी.

आणि गुण आला, हेच तर त्यातलं दुर्दैव. जोतिराम झोपायला लागला. माग बंद केला की बंद व्हायला लागला. पूनम परत आली. पोरीला सायकलवर पुढं बसवून तो दवाखान्यात आला, पोरीच्या खोकल्यासाठी, आणि स्वतःहून म्हणाला, "मदी माजं डोस्कं जरा गरम झालतं, म्याडम. आता आपसूकच निवलं." आपसूक. तिनं मान डोलावली. मायाक्का मधूनमधून यायची, बाटली न्यायची, बाकावर बसून पेठेतल्या बायकांना शेळ्यांच्या गोष्टी सांगायची. एकदा महेश्वरीनं विचारलं, हात कापत नाही का हो घालताना? म्हातारी लाजली. म्हणाली, कापतोय की. म्हणून तोंडानं ववी म्हनते, म्हंजी थेंब मोजून पडत्यात. आणि तिथेच, तपासायच्या खुर्चीत बसून, जात्याशिवाय, जात्याच्याच लयीत डुलत, तिनं म्हणून दाखवली होती:

हुलग्याच्या माडग्यात, थेंब हळूच सोडीते,
लेकाच्या घासापायी, माझं काळीज मोडीते.

काउंटरवरची काशम्मा डोळे पुसत म्हणाली होती, "अय्यो, म्हातारे, औषधाला पण गाणं लावलीस की तू." त्या दिवशी महेश्वरीला वाटलं होतं, की पुस्तकात नसलेली एक गोष्ट आपण केली आहे. विद्येला मायेच्या हातात दिलं आहे. ते वाटणं आता तिला आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मोडलं ते बिरोबाच्या जत्रेला. मायाक्काला जत्रेला गावी जायचं होतं. पूनमला हे थेंब ठाऊक नव्हते. सुनेनं नवऱ्याला सांगितलं तर, या धास्तीनं म्हातारीनं तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. मग मागं कोण घालणार? तिनं मेंढपाळाचा हिशोब केला. लांबच्या रानात जायचं असलं की मेंढराला आदल्या दिवशी पोटभर पाणी पाजून घेतात, तसं तिनं जत्रेच्या सगळ्या दिवसांचं एकदाच वाटीत ओतलं आणि देवाला गेली. दुसऱ्या दिवशी मागावर उभ्याउभ्या जोतिरामची मान एका खांद्याकडे पिळवटली, डोळे वर चढले, जीभ जाड होऊन बाहेर आली. बरोबरचे कामगार म्हणाले, जत्रा हाय, देव आला. कुणी त्याला भंडारा लावला, कुणी पाया पडलं. एकट्या कल्लप्पा मुकादमानं मागं एका पोराला बसवून त्याला मोटारसायकलवर मध्ये घालून दवाखान्यात आणलं. थेंब जास्त गेलेत हे महेश्वरीनं बघताक्षणी ओळखलं, इंजेक्शन दिलं, आणि कल्लप्पानं मागवलेला चहा निवायच्या आत मान सरळ झाली. जोतिरामनं डोळे पुसले, जीभ आत घेतली आणि पहिलं वाक्य बोलला, "काय झालतं मला?" ती म्हणाली, "शीर आखडली होती." तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात आभार होते, असं ती तेव्हा धरून चालली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मायाक्का आली. हातात डबा, डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. बसली नाही, भिंतीला टेकली. "माझ्या हातचं सोडलंय त्येनं," ती म्हणाली. "जत्रंसनं आले तवापास्नं. आदी माडगं सोडलं, मग भाकरी, मग घरचं पाणी. आता सालीआडचं तेवडंच खातोय. पोरीलाबी खाऊ देईना, बाई. काल आरोहीच्या तोंडातला घास बोट घालून काडला. पोरगी रडती, भूक लागली म्हनती, ह्यो तिला केळं सोलून देतोय." "तुम्ही काय खाल्लंत?" महेश्वरीनं विचारलं. म्हातारीनं प्रश्न ऐकलाच नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवला. "त्यो तुमच्याकडं येनार हाय आज. मला म्हनला, म्याडमला इचारतो, त्या खोटं बोलनार न्हाईत. बाई, तुमी एकदा न्हाय म्हना. कायबी न्हाय जेवनात, म्हना. तुमचं ऐकतोय त्यो." तिनं डबा टेबलावर ठेवला, परत उचलला, पदराआड घेतला. "एक शबूद. पोरगं जेवंल माजं."

एक शब्द. ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि महेश्वरी त्या शब्दाची तयारी करत राहिली. नाही. काही नाही. तुझ्या मनाचा खेळ आहे. किती सोपं होतं ते. डॉक्टर दिवसभर असेच शब्द वाटत असतो. काही होत नाही, घाबरू नका, सुई दुखणार नाही. मरणाऱ्याच्या उशाशीही तिनं हसून सांगितलं होतं, चार दिवसांत हिंडायला लागाल. आणि हा तर जगणारा माणूस, एक पोरगी असलेला. त्यानं खायला हवं, औषध पोटात जायला हवं, पोरीच्या तोंडात घास राहायला हवा. यात अडचण कुठे होती? हात धुताना तिनं आरशात तोंड हलवून बघितलं. नाही. ओठ नीट हलले. मग तिला वाटलं, एरंडेलाच्या त्या कॉफीनंतर आपण आईला विचारलं होतं का कधी, आज घातलंयस का? आणि आई नाही म्हणाल्यावर आपण प्यायलो होतो का? प्यायलो होतो. जिभेला तेल लागत होतं, आई नाही म्हणत होती, आणि सहा वर्षांच्या मुलीनं ठरवलं होतं की आपली जीभच खोटी आहे.

जोतिराम आला तेव्हा त्याच्या शर्टावर नेहमीसारखी सुताची पिंज नव्हती. कामावर गेलाच नव्हता. गाल बसले होते, पण भांग नीट पाडलेला. पाहुण्याकडे आल्यासारखा खुर्चीच्या टोकाशी बसला. "भाईर आये बसलीय," तो हळू आवाजात म्हणाला, "तवा बारीक बोलतो. म्याडम, मला एकच इचारायचं हाय. लई दिस झालं माज्या तोंडाला कडू लागतंय. आये म्हनती न्हाय, पूनम म्हनती न्हाय. तुमी म्हनलासा शीर आखडली. पर सुई मारली आन उतरलं. देवाचं असतं तर सुईनं उतरलं असतं व्हय? औषदाला औषद लागलं, आसं माजं मन म्हनतंय. आता माज्या मनाचा भरवसा न्हाय, ते मलाबी ठावं हाय. मागं मला माग बोलवत हुता. ते खोटं हुतं, आता कळतंय. मग हेबी खोटं आसंल. न्हाय का?" तो पुढं वाकला. "तुमी न्हाय म्हना, म्हंजी मी खरंच येडा हाय. मग मी आयच्या हातचं खातो. सांगशीला तितं येतो, सांगशीला त्या डाक्टरला दावतो, गोळ्या म्हनशीला तर गोळ्या. उघड्या तोंडानं खातो. येड्यानं ऐकावं शाण्याचं. आन व्हय म्हना..." तो थांबला. "सांगा तुमी. तुमी सांगशीला ते खरं धरतो."

दीड वर्ष तिला हेच हवं होतं. त्यानं आपल्या पायानं यावं, आपल्या हातानं गोळी उचलावी. नंदीशचं दार, उघड औषध, सगळं आता एका शब्दापलीकडे उभं होतं, आणि तो शब्द तिच्या तोंडात तयार होता. त्याच्या खालच्या ओठाला केळाचा एक बारीक तंतू चिकटलेला तिला दिसला. ती बघत राहिली. या माणसाच्या डोक्यात किती गोष्टी खोट्या होत्या. माग खोटा, काठावरची अक्षरं खोटी, मालकाचा डाव खोटा. त्या सगळ्या ढिगाऱ्यात एकच गोष्ट त्यानं स्वतःच्या जिभेनं, स्वतःच्या अकलेनं बरोबर शोधून काढली होती, आणि तेवढीच घेऊन तो तिच्या दारात आला होता. तीही खोटी आहे, असं सांगायचं. म्हणजे तो बरा होईल. म्हणजे पुन्हा कधीही आपल्या जिभेवर विश्वास न ठेवणारा, शहाणा, बरा माणूस. "आहे," असं कुणीतरी म्हणालं. तिचाच आवाज होता. "औषध आहे, जोतिराम. विष नाही, औषध. मी दिलं. तुझ्या आईनं माझ्या सांगण्यावरून घातलं. तुला सांगायला हवं होतं. चूक माझी आहे, तिची नाही."

तिला वाटलं होतं तो उठेल, ओरडेल, बाहेर जाऊन म्हातारीला धरेल. त्यानं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले, कपाळाच्या आठ्या उलगडल्या, आणि गेल्या दीड वर्षात कुठल्याही थेंबानं आणला नव्हता असा निवांतपणा त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरला, पाणी सोडल्यावर कोरड्या सारणीत पसरतं तसा. "म्हंजी मी येडा न्हाय," तो म्हणाला. "जोतिराम, ऐक, ते थेंब तुला लागत होते म्हणून..." "न्हाय न्हाय. झालं. कळलं." त्यानं वाकून टेबलाखालून तिच्या पायांकडे हात नेला. "लई उपकार झालं. एवडे दिस मी म्हनत हुतो, मीच फिरलोय की काय. जीव द्यायचं मनात आलतं माज्या. आता मिटलं." ती बोलत राहिली. नंदीशचं नाव सांगितलं, माग परत हाका मारतोय का ते विचारलं, आजार म्हणजे वेड नव्हे, असं आजवर शंभरदा म्हटलेलं वाक्य म्हटलं. तो ऐकत होता, समजूतदारपणे, सवड असलेल्या माणसानं ऐकावं तसं. शाण्या माणसाला हे कशाला, असं त्याच्या डोळ्यांत लिहिलं होतं, आणि ते डोळे आता तिला कुठल्याही औषधाच्या पलीकडे गेलेले दिसले.

मग त्याचा चेहरा पडला. "पर म्हातारीचं काय हो, म्याडम?" तो म्हणाला. "तुमी आपलं तिच्यावर येऊ नये म्हनून सोताच्या अंगावर घेताय. कळतंय मला. तुमी भल्या हायसा. पर शाण्या डोक्याची आई पोटच्या पोराच्या वाटीत चोरून कायबाय टाकंल का? ती तसली न्हवती हो. मेंढराचं कोकरू आजारी पडलं तर मांडीवर घिऊन बसायची रातभर. ह्या शेरात येऊन फिरलं तिचं. एकटीच कायतरी गुणगुणत बसती चुलीम्होरं. जेवत न्हाय. हाडं निगालीत बगा." त्यानं पडद्याकडे मान वळवून बघितलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "तिला मोट्या डाक्टरकडं न्हेलं तर जीव दील ती. लाज लई तिला. तिला कळू न देता द्यायजोगं कायतरी आसंल की तुमच्याकडं? च्यातनं देतो मी. माज्या हातचा च्या ती न्हाय म्हनायची न्हाय."

महेश्वरीनं टेबलाची कड धरली. खरं सांगून झालं होतं. त्याखाली सांगायला आता काही उरलं नव्हतं. तिच्या गप्प राहण्याला तो होकार समजला, की विचार करायला वेळ मागते आहे असं समजला, कोण जाणे. "उद्या येतो," तो म्हणाला. "तिला मात्र कायबी बोलू नगासा. उगं घाबरंल." तो उठला, खुर्ची जागेवर सारली आणि पडदा बाजूला करून बाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज आला, जरा मोठा, जरा गोड, आजारी माणसाशी बोलताना सगळेच काढतात तसा. "चल आये. ऊन लई झालंय, रिक्षा करू. डबा दे हिकडं, मी धरतो." काशम्मा काउंटरवरून म्हणाली, "बघा, लेक कसा आलाय न्यायला." बाक करकरला. चपला सरकल्या. मग पडद्याची कड थोडी हलली आणि मायाक्काचा चेहरा आत आला, सुकलेला, ओल्या डोळ्यांचा, उजळलेला. लेकानं आज डबा हातात घेतला होता. डॉक्टरीणबाईकडे बघत तिनं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले, आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.